डेटा टेबलमधला कस्टम मेटाडेटा कोडमधून कसा वाचायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न पायथनमध्ये डेटा हाताळणाऱ्यांकडून येत राहतात, त्यामुळे उत्तरंही मुख्यतः पांडाज, पायॲरो (दोन्ही टेबलं हाताळायच्या पायथन लायब्रऱ्या) आणि पार्केट (टेबल साठवायचा एक फाइल प्रकार) फाइलींबद्दल आहेत. डेटाबेसवाल्यांसाठी शेवटाकडे एक प्रश्न आहे. कोडमधली नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. एडिटरमध्ये अर्थातच रोमन स्पेलिंग टाकायचं; 'एकक', 'पाऊस' अशी टेबलातली मराठी नावं मात्र आहेत तशीच. उदाहरण सगळीकडे एकच आहे: पावसाच्या रोजच्या नोंदींचं टेबल, त्यात 'केंद्र', 'तारीख', 'पाऊस' आणि 'वाऱ्याचा वेग' असे चार कॉलम.

१. कस्टम मेटाडेटा म्हणजे नक्की काय? कॉलमचं नाव आणि डेटाटाइप हाही मेटाडेटाच झाला ना?

झाला, पण तो लायब्ररी आपणहून सांभाळते. कस्टम मेटाडेटा म्हणजे टेबल बनवणाऱ्याने स्वतः चिकटवलेली माहिती: एकक, स्रोत, मोजण्याची पद्धत, आवृत्ती. लायब्ररीला तिचा अर्थ कळत नाही आणि ती वापरतही नाही, फक्त जवळ बाळगते. कधीकधी तेही करत नाही.

ही माहिती किती महत्त्वाची असू शकते ते बघा. सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिमी पाऊस नोंदला गेला तो दिवस मुंबईकर '२६ जुलै' म्हणून ओळखतात. पण भारतीय हवामान विभागाचा पावसाचा दिवस सकाळी ८:३० ला संपतो, आणि ९४४ हा आकडा २७ जुलै २००५ च्या सकाळी ८:३० ला संपलेल्या २४ तासांचा आहे. म्हणजे एका टेबलात हा आकडा २६ तारखेसमोर आणि दुसऱ्यात २७ तारखेसमोर दिसू शकतो, आणि चूक दोघांचीही नसते. नुसत्या आकड्यांकडे बघून हा घोळ सुटत नाही. टेबलासोबत 'दिवस_संपतो: ०८:३०' अशी एक नोंद असली तर सुटतो.

२. पांडाजमध्ये हा मेटाडेटा वाचायचा कसा?

डेटाफ्रेमला (पांडाजमधल्या टेबलाला) 'ॲट्र्स' नावाचा गुणधर्म असतो, ती साधी डिक्शनरी आहे. डीएफ.ॲट्र्स लिहिलं की सगळं दिसतं, डीएफ.ॲट्र्स['एकक'] लिहिलं की एक मूल्य मिळतं. काहीच ठेवलेलं नसेल तर रिकामी डिक्शनरी येते, एरर येत नाही. सोय २०२० मधल्या १.० आवृत्तीपासून आहे आणि दस्तऐवजात तिच्यावर 'प्रायोगिक' असा शिक्का आहे. तो शिक्का गंभीरपणे घ्या, का ते प्रश्न ११ मध्ये आहे.

३. मी थेट डीएफ.एकक = 'मिमी' लिहितो आणि ते चालतं. मग ॲट्र्स कशाला?

चालतं, पण त्याच एका ऑब्जेक्टवर. पायथन अशा ऑब्जेक्टला गुणधर्म चिकटवू देतो म्हणून एरर येत नाही. पुढच्याच ओळीत डीएफ.कॉपी() केलं, गाळणी लावली, पिकल करून (पायथनच्या पद्धतीने फाइलीत साठवून) परत उघडलं, की 'एकक' नाही. ॲट्र्स मात्र कॉपीतही जातं आणि पिकलमध्येही टिकतं. शिवाय 'एकक' नावाचा कॉलम आधीपासून असेल तर ही ओळ त्या अख्ख्या कॉलममध्ये 'मिमी' भरून टाकेल. ही सवय सोडाच.

४. सीएसव्ही वाचली की ॲट्र्स रिकामं का येतं? लिहिताना तर भरलेलं होतं.

कारण सीएसव्हीत ते ठेवायला जागाच नाही. टू_सीएसव्ही ॲट्र्सकडे बघतही नाही आणि कुठलीही सूचना देत नाही. काही संस्था फाइलीच्या सुरुवातीला हॅशने सुरू होणाऱ्या ओळींत एकक, स्रोत वगैरे लिहितात. अशी फाइल आली तर रीड_सीएसव्हीला 'कॉमेंट' हा पॅरामीटर द्या म्हणजे त्या ओळी डेटात घुसणार नाहीत. पण पांडाज त्या ओळी टाकून देतं, वाचत नाही. त्यांतली माहिती हवी असेल तर फाइल आधी साध्या ओपनने उघडून तेवढ्या ओळी स्वतः तोडून घ्याव्या लागतात.

'कॉमेंट' पॅरामीटरचा एक त्रास लक्षात असू द्या: हॅश ओळीच्या मध्ये आला तरी तिथून पुढचं सगळं तो कापतो. केंद्राच्या नावात किंवा शेऱ्यात हॅश असेल तर डेटा गुपचूप जाईल. त्यापेक्षा स्किपरोजमध्ये ओळींची संख्या देणं बरं.

५. पार्केट फाइलीत मेटाडेटा कुठे असतो? तो बघायला दोन जीबीची फाइल मेमरीत घ्यावी लागते का?

नाही. पार्केटचा सगळा हिशेब फाइलीच्या शेवटी, फुटरमध्ये असतो. अगदी शेवटचे चार बाइट 'पीएआर१' ही खूण असते, त्याआधीच्या चार बाइटांत फुटरची लांबी. वाचणारा प्रोग्रॅम आधी शेवट बघतो, लांबी काढतो आणि तेवढाच भाग उचलतो. कॉलमची यादी, रो ग्रुप (ओळींचे गट) कुठे सुरू होतात आणि कस्टम माहितीच्या की-व्हॅल्यू जोड्या, सगळं त्यातच.

पायॲरोमध्ये दोन वाटा आहेत. पार्केट.रीड_स्कीमा(फाइल) दिल्यावर स्कीमा (कॉलमांची नावं आणि डेटाटाइप यांचा आराखडा) मिळतो, त्याच्या .मेटाडेटा मध्ये तुमच्या जोड्या असतात. पार्केट.रीड_मेटाडेटा(फाइल) दिल्यावर फुटरची सगळी माहिती मिळते, ओळींची संख्या वगैरे, त्यातल्या.मेटाडेटा मध्येही त्याच जोड्या दिसतात, वर लायब्ररीच्या स्वतःच्या एक-दोन. रोजच्या कामाला पहिली वाट पुरते.

एक सावधगिरी: फाइलीत एकही जोडी नसेल तर स्कीमा.मेटाडेटा रिकामी डिक्शनरी देत नाही, 'नन' (पायथनमधलं 'काहीच नाही') देतं. त्यावर थेट .गेट() मारलं की प्रोग्रॅम आडवा होतो.

६. मेटाडेटा दिसतोय, पण ['एकक'] लिहिलं की कीएरर येतो. असं का?

पायॲरोमध्ये नावं आणि मूल्यं दोन्ही बाइट्समध्ये येतात. लिहिताना तुम्ही साधी स्ट्रिंग दिली असली तरी वाचताना बाइट्सच. पायथनच्या दृष्टीने स्ट्रिंग आणि बाइट्स कधीच समान नसतात, म्हणून नाव 'सापडत नाही'.

इंग्रजी नाव असेल तर त्याच्या आधी बी लावून काम भागतं. मराठी नावाला तेही चालत नाही: बी'एकक' लिहिलं तर सिंटॅक्स एरर येतो, कारण त्या अवतरणात फक्त आस्की (साधी इंग्रजी) अक्षरं चालतात. 'एकक'.एन्कोड('यूटीएफ-८') असंच लिहावं लागतं आणि मिळालेलं मूल्य .डीकोड('यूटीएफ-८') करून घ्यावं लागतं. रोज लागत असेल तर स्कीमा उघडल्या उघडल्या सगळी डिक्शनरी एका ओळीत डीकोड करणारं छोटं फंक्शन लिहून ठेवा. (एवढं करूनही मराठी नाव सापडत नसेल तर प्रश्न १३.)

७. मी न लिहिलेली 'पांडाज', 'पांडाज_ॲट्र्स', 'ॲरो:स्कीमा' अशी नावं फाइलीत दिसतात. ती काढून टाकू का?

हात लावू नका. 'पांडाज' या नावाखाली जेसन (डेटा मजकुराच्या रूपात लिहायची पद्धत) असतं, त्यात इंडेक्स कुठला आणि कॉलमचे मूळ डेटाटाइप कोणते ते लिहिलेलं असतं. 'पांडाज_ॲट्र्स' खाली तुमचं डीएफ.ॲट्र्स जेसन होऊन बसतं, पांडाजच्या २.१ आवृत्तीपासून टू_पार्केट ते लिहितं आणि रीड_पार्केट परत भरतं. त्याआधीच्या आवृत्तीने लिहिलेल्या फाइलीत ते नसणारच. 'ॲरो:स्कीमा' मध्ये ॲरोचा (पायॲरोच्या मुळाशी असलेल्या लायब्ररीचा) पूर्ण स्कीमा बेस६४ करून, म्हणजे साध्या अक्षरांत बदलून, ठेवलेला असतो. कॉलमवार मेटाडेटा त्यातूनच परत येतो (प्रश्न ९). हे नाव रीड_स्कीमा लपवतं, रीड_मेटाडेटा दाखवतं.

८. पायॲरोने माझी एक नोंद वाढवली, आणि पुढच्या वेळी पांडाजमध्ये उघडलं तर तारखेचा इंडेक्स गायब. काय झालं?

रिप्लेस_स्कीमा_मेटाडेटा वापरलं असणार. नावातच सांगितलंय, ते बदली करतं, भर घालत नाही. तुम्ही एका जोडीची डिक्शनरी दिलीत, जुन्या सगळ्या पुसल्या गेल्या, त्यात 'पांडाज'ही गेलं. डेटा शाबूत असतो; इंडेक्स हा साधा कॉलम होऊन बसलेला सापडेल.

बरोबर क्रम असा: जुना मेटाडेटा घ्या (नन असेल तर रिकामी डिक्शनरी धरा), त्यात नवी जोडी मिसळा, मग सगळं मिळून द्या. आणि हे फंक्शन नवीन टेबल परत देतं. जुनं टेबल आहे तसंच राहतं, म्हणून उत्तर व्हेरिएबलमध्ये घ्यायला विसरू नका.

९. प्रत्येक कॉलमचं एकक वेगळं आहे. पावसाला मिमी, वाऱ्याला किमी प्रतितास. कॉलमवार कसं वाचायचं?

पायॲरोमध्ये यासाठी खरी जागा आहे: प्रत्येक फील्डचा स्वतःचा मेटाडेटा. टेबल.स्कीमा.फील्ड('पाऊस').मेटाडेटा असं वाचायचं. पुष्कळजण टेबल.कॉलम('पाऊस') घेऊन त्यात शोधत बसतात. तिथे फक्त आकडे असतात, माहिती स्कीमात असते. मिळालेल्या डिक्शनरीत 'पार्केट:फील्ड_आयडी' नावाची एक जादा जोडी दिसेल, तिकडे दुर्लक्ष करा.

पांडाजमध्ये अशी पक्की जागा नाही. डीएफ['पाऊस'].ॲट्र्स मध्ये लिहिता येतं, पण पुढच्या वेळी डीएफ['पाऊस'] मागितलं की नवी सिरीज (एका कॉलमचं ऑब्जेक्ट) बनू शकते आणि तिला तुमचं लिखाण माहीत नसतं. त्यापेक्षा डीएफ.ॲट्र्स['कॉलम'] मध्ये आत दुसरी डिक्शनरी ठेवा, कॉलमच्या नावाने. कॉलमचं नाव बदललं तर तिथलं नाव आपोआप बदलणार नाही, तेवढं सांभाळावं लागतं.

दोन्हींच्या मध्ये एक खड्डा आहे: टू_पांडाज() केलं की फील्डचा मेटाडेटा डेटाफ्रेममध्ये येत नाही. म्हणून रूपांतराआधीच स्कीमावर एक फेरी मारून प्रत्येक फील्डचं एकक गोळा करा आणि रूपांतरानंतर ॲट्र्समध्ये भरा.

१०. फाइल स्पार्कने (मोठा डेटा अनेक संगणकांवर हाताळणाऱ्या प्रणालीने) लिहिली आहे. तिथे कॉलमवर मेटाडेटा होता, पायॲरोमध्ये फील्डवर काहीच दिसत नाही.

स्पार्क आपला स्कीमा वेगळ्या नावाखाली ठेवतो: 'ओआरजी.अपाचे.स्पार्क.एसक्यूएल.पार्केट.रो.मेटाडेटा'. एवढं लांबलचक नाव हेच फुटरमधलं एक नाव आहे. ते मूल्य डीकोड करून जेसन म्हणून उघडा; 'फील्ड्स' नावाची यादी मिळेल आणि त्यातल्या प्रत्येक नोंदीत 'मेटाडेटा' असेल. स्पार्कमध्येच वाचत असाल तर डीएफ.स्कीमा['पाऊस'].मेटाडेटा पुरेसं आहे, तिथे ती साधी डिक्शनरी असते.

उलट दिशेने मात्र मार्ग बंद आहे. पायॲरोने लिहिलेली फाइल स्पार्कने वाचून पुन्हा लिहिली की तुमच्या जोड्या नव्या फाइलीत जात नाहीत. पाइपलाइनमध्ये मध्येच स्पार्कची पायरी असेल तर मेटाडेटा वेगळा सांभाळायची तजवीज आधीच करा.

११. दोन टेबलं जोडल्यावर ॲट्र्स रिकामं झालं. कुठल्या क्रियेनंतर टिकतं याची यादी मिळेल का?

कॉनकॅटचा (टेबलं जोडणाऱ्या फंक्शनचा) नियम दस्तऐवजात स्पष्ट आहे: सगळ्या टेबलांचं ॲट्र्स तंतोतंत सारखं असेल तरच ते पुढे जातं, नाहीतर रिकामं. हा नियम मला पटतो. एक मिमी आणि एक सेंमी असेल तर उत्तर काय लिहायचं? पण कुलाब्याच्या टेबलात 'केंद्र: कुलाबा' आणि सांताक्रूझच्या टेबलात 'केंद्र: सांताक्रूझ' एवढाच फरक असला तरी 'एकक'सुद्धा जातं, आणि लोक नेमके इथेच अडकतात. टेबलागणिक बदलणारी गोष्ट ॲट्र्समध्ये ठेवू नका, तिचा कॉलम करा.

बाकी क्रियांची यादी मी देत नाही, कारण ती आवृत्तीगणिक बदलते. मर्ज, ग्रुपबाय, पिव्हट यांच्यावर भिस्त ठेवू नका. टेबल उघडताक्षणी ॲट्र्स एका वेगळ्या व्हेरिएबलमध्ये काढून घ्या, सगळी प्रक्रिया करा, शेवटी परत लावा. सरधोपट आहे, पण आवृत्ती बदलल्यावर पहाटे कुणाचा फोन येत नाही.

ॲट्र्समध्ये नम्पाय ॲरे किंवा दुसरी डेटाफ्रेम ठेवणाऱ्यांसाठी: कॉनकॅट तुलना करायला जातं आणि ॲरेची तुलना 'हो की नाही' अशा एका उत्तरात होत नाही, म्हणून व्हॅल्यूएरर येतो. शिवाय प्रत्येक कॉपीत त्याचीही पूर्ण कॉपी होते. छोट्या, साध्या गोष्टीच ठेवा.

१२. टू_पार्केट 'जेसन सीरियलायझेबल नाही' म्हणतं. आणि दुसऱ्या फाइलीत पूर्णांक दिलेलं नाव वाचताना स्ट्रिंग झालं. दोन्ही एकच भानगड आहे का?

एकच. ॲट्र्स जेसनमधून जातं (प्रश्न ७), आणि जेसनला जे येतं तेवढंच टिकतं. तारखेचं ऑब्जेक्ट किंवा नम्पायचा पूर्णांक दिला तर लिहितानाच टाइपएरर. ते बरं, निदान कळतं. डिक्शनरीत २००५ हे पूर्णांक नाव असेल तर ते निमूटपणे '२००५' अशी स्ट्रिंग होतं, टपलची लिस्ट होते. तारीख आयएसओ पद्धतीने स्ट्रिंग करून ठेवा, नावं सगळी स्ट्रिंगच ठेवा.

१३. मेटाडेटात 'वाऱ्याचा वेग' हे नाव डोळ्यांना दिसतं, कोडमध्येही तेच लिहिलंय, डीकोडही केलंय. तरी कीएरर!

हा खास मराठीचा त्रास आहे. 'वाऱ्याचा' मधला अर्धा र तीन तऱ्हांनी टाइप होऊ शकतो आणि पडद्यावर तिन्ही बहुधा सारखेच दिसतात:

पहिली तऱ्हा: ऱ हे एकच युनिकोड चिन्ह (यू+०९३१), पुढे हलन्त. दुसरी: साधा र (यू+०९३०), त्यावर नुक्ता (यू+०९३सी), पुढे हलन्त. तिसरी: साधा र, हलन्त आणि मग न दिसणारं झीरो विड्थ जॉइनर (यू+२००डी). कुठला कीबोर्ड वापरला त्यावर तऱ्हा ठरते. संगणकाला या तीन वेगवेगळ्या स्ट्रिंग आहेत.

पायथनच्या युनिकोडडेटा मॉड्यूलमधलं नॉर्मलाइझ 'एनएफसी' पद्धतीने चालवलं की दुसरी तऱ्हा पहिलीत बदलते. तिसरी मात्र तशीच राहते, कारण जॉइनर काढणं हे त्या नियमाचं काम नाही. म्हणून आधी 'र, हलन्त, जॉइनर' या तिघांच्या जागी 'ऱ, हलन्त' घाला, मग नॉर्मलाइझ करा. हे मेटाडेटातल्या नावांवरही करायचं आणि कोडमधल्या नावांवरही. नुसतं जॉइनर पुसून टाकू नका. मग उरतो साधा र आणि हलन्त, आणि 'वाऱ्याचा' चा 'वार्याचा' होतो.

संशय असेल तर दोन्ही स्ट्रिंगची लांबी छापून बघा, किंवा पायथनचं ॲस्की() फंक्शन लावा, प्रत्येक चिन्हाचा क्रमांक समोर येईल. मी स्वतः नावं रोमन आणि मूल्यं मराठी ठेवतो. मूल्याची तुलना क्वचितच करावी लागते, नावाची दरवेळी.

जाता जाता: फुटरमध्ये 'मिमी' ऐवजी तिरकी रेघ, यू आणि आकडे दिसले तर घाबरू नका. जेसन.डम्प्स मुळात सगळं आस्कीत लिहितं, वाचताना मराठी बरोबर परत येतं. 'मिमी' यूटीएफ-८ मध्ये १२ बाइट घेतो, तसं लिहिलं तर २४. स्वतः जेसन बनवत असाल तर 'एन्शुअर_आस्की' बंद करा.

१४. फोल्डरमध्ये बारा महिन्यांच्या बारा फाइली आहेत. फोल्डर एकदम वाचला तर मेटाडेटा कुठल्या फाइलीचा येतो?

पायॲरो काही वेगळं सांगितलं नसेल तर पहिल्या फाइलीचा स्कीमा धरतो, मेटाडेटाही तिचाच. बाकीच्या अकरांत काय लिहिलंय ते तपासलं जात नाही. कॉलम जुळले की झालं.

इथे खरा धोका आहे. हवामान विभागाच्या रोजच्या पत्रकांत पावसाचे आकडे सेंटिमीटरमध्ये असतात. जुलैची फाइल कुणी त्यावरून बनवली, तिच्या मेटाडेटात प्रामाणिकपणे 'सेंमी' लिहिलं, पण जानेवारीच्या फाइलीत 'मिमी' आहे. फोल्डर वाचल्यावर सगळ्यांवर 'मिमी' लागतं. सांताक्रूझचा तो ९४४ चा दिवस ९४ होऊन येतो, आणि ९४ मिमी हा मुंबईच्या पावसाळ्यात इतका नेहमीचा आकडा आहे की कुणाची भुवईसुद्धा उंचावणार नाही.

उपाय स्वस्त आहे. डेटासेट.फाइल्स ही यादी घ्या, प्रत्येकावर रीड_स्कीमा चालवा (फुटरच वाचला जातो, प्रश्न ५), 'एकक' गोळा करा आणि एकापेक्षा जास्त निघाली तर तिथेच थांबा.

१५. पायथन न उघडता पटकन बघायचं असेल तर?

डकडीबी या डेटाबेसच्या कमांड लाइनमध्ये सिलेक्ट स्टार फ्रॉम पार्केट_केव्ही_मेटाडेटा, कंसात फाइलीचं नाव. नाव आणि मूल्य ब्लॉब (कच्चे बाइट) म्हणून येतात. डीकोड() लावलं की वाचता येतात, मराठीसकट.

१६. आमचं टेबल फाइलीत नसून डेटाबेसमध्ये आहे. तिथे असं काही असतं का?

असतं, पण प्रत्येकाचा संसार वेगळा. पोस्टग्रेसमध्ये 'कॉमेंट ऑन कॉलम' ने लिहायचं आणि कॉल_डिस्क्रिप्शन फंक्शनने वाचायचं. त्याला टेबलाचा ओआयडी (डेटाबेसने दिलेला अंतर्गत क्रमांक) आणि कॉलमचा क्रमांक लागतो. एका कॉलमला एकच कॉमेंट, तीही स्ट्रिंग, म्हणून अनेक गोष्टी ठेवायच्या तर आत जेसन लिहितात. एसक्यूएल सर्व्हरमध्ये एक्स्टेंडेड प्रॉपर्टीज आहेत, तिथे नाव देऊन हव्या तितक्या जोड्या ठेवता येतात, सिस.एक्स्टेंडेड_प्रॉपर्टीज या व्ह्यूमध्ये दिसतात. मायएसक्यूएलमध्ये इन्फर्मेशन_स्कीमाच्या कॉलम्स टेबलात कॉलम_कॉमेंट बघा.

पांडाजचं रीड_एसक्यूएल यातलं काहीही आणत नाही. वेगळी क्वेरी करून ॲट्र्स तुम्हीच भरायचं. पोस्टग्रेसमध्ये 'क्रिएट टेबल ॲज सिलेक्ट' ने टेबलाची प्रत काढली तर कॉमेंट प्रतीत जात नाहीत, आणि मूळ टेबलावर व्ह्यू बनवला तर त्याच्या कॉलमांवरही येत नाहीत.

१७. मेटाडेटा सापडलाच नाही तर डिफॉल्ट धरायचं की एरर द्यायची?

त्या माहितीवर गणित अवलंबून आहे का, यावर ठरवा. 'स्रोत' किंवा 'शेरा' नसेल तर .गेट() ने रिकामं घ्या, काही बिघडत नाही. 'एकक' किंवा 'दिवस_संपतो' नसेल तर थेट चौकटी कंसाने वाचा आणि प्रोग्रॅम पडू द्या. .गेट('एकक', 'मिमी') ही ओळ दिसायला शहाणी दिसते, पण प्रश्न ८, १० आणि ११ मधल्या कुठल्याही कारणाने मेटाडेटा हरवला तरी ती हसतमुखाने 'मिमी' देत राहते. एररचा मजकूर लिहिताना फाइलीचा पूर्ण पाथ आणि सापडलेल्या नावांची यादी दोन्ही छापा. नाव चुकीचं टाइप झालं असेल तर ते तिथेच दिसतं.